चुकून मिळालेली दोन वर्षं

गेल्या दोन महिन्यांत माझ्या भाच्याला ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला, त्यांतल्या जवळपास सगळ्यांचा सल्ला दोन शब्दांचा होता: गप्प बस. कंपनीतल्या एचआरच्या बाईंनी तो इंग्रजीत दिला, मशिदीतल्या दोस्तांनी उर्दूत, आणि माझ्या आपाने, म्हणजे त्याच्या आईने, चिपळूणहून फोनवर आमच्या बोलीत. वर ती असंही म्हणाली, "अल्लाहने दिलंय, तू कशाला परत करतोस?" मी एकटाच उलटं बोललो. त्यामुळे सध्या बहीण माझ्याशी धड बोलत नाही, आणि हा लेख वाचल्यावर तर बोलायची नाहीच. पण हे लिहायला हवं, कारण हाच सल्ला मी आणखी तीन घरांत ऐकलाय आणि प्रत्येक वेळी तो दीनच्या नावाने दिला गेलाय.

आधी प्रकरण काय ते सांगतो. मुलगा न्यू जर्सीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. पुण्याच्या ऑफिसातून कंपनीने त्याला एल-१बी व्हिसावर तिकडे पाठवलं. त्यावर दोन वर्षं झाली. मग त्याच कंपनीने त्याचा एच-१बी केला, त्यावर तीन वर्षं झाली. मग मुदतवाढीचा अर्ज गेला आणि आणखी तीन वर्षांची मंजुरी आली. घरात मिठाई वाटली गेली. बेरीज कुणी केली नाही.

बेरीज अशी आहे. एच-१बी वर अमेरिकेत जास्तीत जास्त सहा वर्षं राहता येतं आणि एल व्हिसावर काढलेली वर्षं याच सहांत धरली जातात. दोन अधिक तीन, पाच. उरलं एक. मिळाली तीन. म्हणजे शेवटची दोन वर्षं कायद्यात नाहीतच, फक्त कागदावर आहेत. आणि यात लपवाछपवी कुणीही केलेली नव्हती. अर्जात आधीच्या एच आणि एल मुक्कामाच्या तारखा विचारतात, तिथे एल-१ची दोन वर्षं स्वच्छ लिहिलेली आहेत. कंपनीने सवयीने तीन वर्षं मागितली आणि पलीकडच्या अधिकाऱ्याने सवयीने शिक्का मारला.

सहा वर्षांच्या पुढे जायची कायदेशीर वाट आहे, ती २००० सालच्या कायद्याने काढली. ग्रीन कार्डासाठीचं कामगार खात्याचं प्रमाणपत्र मागणारा अर्ज, किंवा त्यापुढचा आय-१४० अर्ज, दाखल होऊन ३६५ दिवस झाले असतील तर एकेक वर्ष वाढतं. आय-१४० मंजूर असेल आणि देशनिहाय कोट्यामुळे नंबर अडला असेल तर तीन वर्षं एकदम वाढतात. अमेरिकेतले बहुतेक भारतीय याच वाटेने दहा-दहा, बारा-बारा वर्षं एच-१बी वर आहेत. त्यामुळे "सहा वर्षांनंतरही मिळतंच की" असा सगळ्यांचा समज. मिळतं, पण त्याला पाया लागतो. माझ्या भाच्याच्या नावाने असा एकही अर्ज अजून गेलेला नव्हता. तोच अर्ज करायला घेतला, वकिलाची प्रश्नावली भरताना त्याने सगळ्या तारखा एका खाली एक लिहिल्या आणि रात्री मला फोन केला. खरी मुदत संपायला तेव्हा चार महिने होते. कागदावरची संपायला दोन वर्षं चार महिने.

या चार महिन्यांवर सगळं अवलंबून आहे. आज त्याने कुठलाही नियम मोडलेला नाही. खरी तारीख यायची आहे.

आता 'गप्प बस'वाल्यांचं म्हणणं नीट मांडतो, कारण ते मूर्ख नाहीत. चूक सरकारची. अर्ज खरा. हातात मंजुरीचा कागद, त्याच्याच खाली जोडलेली आय-९४, तिच्यावर तारीख. अमेरिकेत 'बेकायदा वास्तव्या'चे दिवस साधारणपणे आय-९४ वरची तारीख उलटल्यावर मोजायला लागतात. ते दिवस १८० च्या वर गेले की देश सोडल्यावर तीन वर्षं बंदी, वर्ष झालं की दहा वर्षं. याची तारीख पुढची, म्हणजे ही बंदी त्याला लगेच लागत नाही. तेवढ्यात दोन वर्षांत प्रमाणपत्र होईल, आय-१४० मंजूर होईल, मग पुढची तीन वर्षं पक्क्या पायावर मिळतील. मधल्या फटीकडे कोण बघतंय?

फटीकडे पुढचा फॉर्म बघतो. पुढच्या प्रत्येक अर्जात तेच विचारतात: आधी एच आणि एल वर कधीपासून कधीपर्यंत होतात? आज गप्प राहणारा माणूस त्या दिवशी खरं लिहील तर स्वतःच्या हाताने फट दाखवील. खोटं लिहील तर ती जाणूनबुजून केलेली खोटी माहिती, आणि तिला त्या कायद्यात तीन वर्षांची किंवा दहा वर्षांची नव्हे, कायमची प्रवेशबंदी आहे. म्हणजे आजचं मौन हे पुढच्या फॉर्मपर्यंतच मौन राहतं. तिथे त्याला तोंड उघडावंच लागतं.

"ऑफिसर एवढं बघत नाहीत" असं एचआरच्या बाई म्हणाल्या. एका ऑफिसरने बघितलं नाही म्हणून तर हे झालं! दुसरा बघणार नाही याची हमी त्या कुठून देतात? त्या खात्याचा स्वतःचा नियम आहे की आधी दिलेल्या मंजुरीचा मान राखावा, पण तिच्यात ठळक चूक नसेल तरच. २०१७ साली तर हा मान राखण्याचं धोरणच काढून टाकलं होतं. २०२१ साली ते परत आलं आणि २०२५ च्या जानेवारीत नियमांत गेलं. हवा बदलली की जुनी फाइल नव्या डोळ्यांनी वाचली जाते, हे बाईंनी नोकरीतच पाहिलं असणार. शिवाय नियमाविरुद्ध किंवा ढोबळ चुकीने दिलेली मंजुरी मागे घेण्याचा अधिकार खात्याकडे आहेच. तशी नोटीस निघाली की ती कंपनीच्या नावे जाते, कामगाराच्या नव्हे, आणि उत्तराला ३० दिवस मिळतात. बाईंची नोकरी त्या नोटिशीने जाणार नाही. घर गुंडाळावं लागेल ते याला, याच्या बायकोला आणि तीन वर्षांच्या मुलीला. त्या दोघींचे व्हिसे त्याच्याच मुदतीला बांधलेले आहेत.

आणि भारतीयांच्या ग्रीन कार्डाची रांग सगळ्यांना माहीत आहे. एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे नंबर लागायला दशकं जातात. त्या दिवशी पहिल्यापासूनचा सगळा मुक्काम तपासला जातो. आज तिशीत असलेला मुलगा पन्नाशीत खिडकीसमोर उभा असेल आणि समोरचा माणूस विचारील, ही दोन वर्षं कशी काय? तेव्हा एचआरच्या बाई कुठे असतील?

पण हिशेबाचा भाग एवढाच. माझं खरं भांडण आपाच्या वाक्याशी आहे.

आपाला हे वाक्य कुठून सुचलं ते मी जाणतो. आम्ही कोकणातले. आमच्या गावांतली निम्मी घरं आखाताच्या पैशावर उभी राहिली. उमऱ्याला म्हणून जायचं आणि तिथेच कामाला लागायचं, हे आमच्या वडिलांच्या पिढीत कुणाला लपवावंसंही वाटत नव्हतं. इकामा कफीलच्या हातात, पासपोर्ट कफीलच्या कपाटात, नूतनीकरण त्याने करायचं, त्याने नाही केलं तर दंड मात्र कामगाराने भरायचा. अशा व्यवस्थेत कागदाबद्दल आदर कसा उरणार? अधूनमधून माफीची मुदत निघायची. २०१३ साली सौदीने ३ नोव्हेंबरपर्यंत कागद सरळ करून घ्या किंवा निघून जा म्हणून सांगितलं, तेव्हा आमच्याकडचे कितीतरी लोक सामान बांधून परतले. या सगळ्यातून एक शहाणपण घराघरांत मुरलं: कागद सरकारचा, रिज्क अल्लाहचं, पकडलं जाईपर्यंत दोन्ही चालू ठेवायचं. मी त्या लोकांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती आणि त्यांच्या कष्टावर मी शिकलो. पण नाइलाजाने केलेल्या गोष्टीला बरकत म्हणायला लागलो की नाइलाज आणि लबाडी यांतला फरक पुसला जातो. माझ्या भाच्यापुढे वाट आहे. महाग आहे, पण आहे.

मग दीन काय म्हणतो? ज्यांना दीन काढायचाच आहे त्यांनी तो पुरता काढावा. सापडलेल्या वस्तूला फिकहमध्ये 'लुकता' म्हणतात. रस्त्यात थैली सापडली म्हणून ती तुमची होत नाही. ती तुमच्याकडे अमानत असते, आणि तिची ओळख वर्षभर पुकारून सांगायची असते. (आमच्यातला एक हुशार लगेच म्हणाला, "पण वर्षानंतर वापरता येते ना?" येते, आमच्या शाफई मजहबमध्ये येते, मालक आला तर भरून द्यायच्या अटीवर. पण आधी पुकारा करावा लागतो. यांना पुकाऱ्याशिवायचं वर्ष पाहिजे.) चुकून आलेली दोन वर्षं ही अशीच थैली आहे. आणि इथे तर मालक कोण हेही माहीत आहे.

दुसरी गोष्ट याहून जुनी. परक्या मुलुखात अमान घेऊन, म्हणजे अभय आणि परवाना घेऊन शिरलेल्या मुसलमानाने त्या मुलुखाशी दगा करू नये, असं इमाम शाफईंपासून जुने फकीह सांगत आले. तेही कुठला मुलुख? ज्याच्याशी लढाई चालू आहे तो. मग जिथे आपण पगार घेतो, मुलीला शाळेत घालतो, जुमा पढतो, त्या देशाच्या परवान्याची अट त्याहून हलकी कशी? सूरह माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या आज्ञेने होते. तो करार कुणाशी, याची पळवाट तिथे ठेवलेली नाही.

इथपर्यंत माझे दीनदार वाचक खूश असतील. आता त्यांचं आणि माझं दोघांचं तोंड बंद करणारी गोष्ट. मशिदीतल्या एका वयस्कर पाकिस्तानी साहेबांनी भाच्याला ती सांगितली. ११ सप्टेंबरनंतर, २००२ साली, अमेरिकेने २५ देशांच्या पुरुषांना सरकारी कार्यालयात येऊन नाव नोंदवायला लावलं. उत्तर कोरिया सोडला तर बाकीचे २४ देश मुस्लिमबहुल. ८० हजारांहून जास्त माणसं आपल्या पायांनी गेली. ठसे दिले, कागद दाखवले, विचारलं ते सांगितलं. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त लोकांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली, बहुतेकांवर व्हिसाच्या मुदतीसारख्या कारणांवरून. जे गेलेच नाहीत, त्यांच्यातले कितीतरी तसेच राहून गेले. "बेटा, खरं बोलायला गेलेले आम्ही रांगेत उभे राहून पकडले गेलो," असं ते म्हणाले. याला माझ्याकडे आयत काढून उत्तर नाही. त्या माणसाला मी प्रामाणिकपणाचे गोडवे ऐकवणार नाही.

कायदाही प्रामाणिक माणसाच्या बाजूने उभा नाही, हे कबूल केलं पाहिजे. १९४७ चा एक खटला आहे, पीकविम्याचा. म्हणजे मराठवाड्यातल्या वाचकाला फार समजवायला नको. आयडाहोतल्या शेतकऱ्यांनी ४६० एकर गहू पेरला, त्यातला ४०० एकर दुबार पेरणीचा होता, आणि तसं त्यांनी सरकारी विमा महामंडळाच्या स्थानिक समितीला सांगितलंही होतं. समिती म्हणाली, सगळ्याचा विमा होतो. पीक दुष्काळात गेलं. महामंडळ म्हणालं, नियमाप्रमाणे दुबार पेरणीला विमा नाही, आमच्या माणसाचं चुकलं. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी महामंडळाला उचलून धरलं: सरकारशी व्यवहार करणाऱ्याने सरकारी माणसाच्या अधिकाराची हद्द स्वतः ओळखावी. न्यायमूर्ती जॅक्सन, न्युरेंबर्गला अमेरिकेचे मुख्य वकील होते तेच, विरोधात लिहून गेले की नेमकेपणाची ही सक्ती एकेरी रस्ता असू नये, आणि शेतकरी ते कंटाळवाणं सरकारी राजपत्र वाचत बसला तर त्याला पीकविम्याची गरजच उरणार नाही, कारण पेरायला वेळच मिळणार नाही. २०२१ साली न्यायमूर्ती गॉरसच यांनी, एका ग्वाटेमालाच्या माणसाच्या हद्दपारीच्या खटल्यात, ती अपेक्षा सरकारवर उलटवली: माणसांनी सरकारशी चोख वागायचं तर सरकारनेही त्यांच्याशी चोख वागावं. तो निकाल नोटीस कशी द्यायची एवढ्यापुरता होता. कारकुनाची चूक अंगावर घेणारा आजही सामान्य माणूसच आहे.

हे आपल्याला नवं नाही. आसामच्या नागरिक यादीत २०१९ साली १९ लाख माणसं बाहेर राहिली, आणि नावातल्या एखाद्या मात्रेने, वयातल्या दोन वर्षांच्या फरकाने लोक परदेशी ठरवले गेले. २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की असे किरकोळ फरक माणसाला परदेशी ठरवायला पुरेसे नाहीत. ती नावं लिहिणारे कारकून कोण होते, हे कुणी विचारलं नाही. म्हणून "चूक सरकारची, मग निस्तरायची मी का?" हा भाच्याचा सवाल मला बरोबर वाटतो. त्याला मी निस्तर म्हणतोय, पण त्यात सरकारचं काही बरोबर आहे म्हणून नाही.

त्या वयस्कर साहेबांच्या गोष्टीतून मी एवढंच घेतलं: एकट्याने, भाबडेपणाने, खिडकीशी जाऊन कबुली द्यायची नाही. ते रांगेत उभे राहिले तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांच्या तारखा आधीच उलटलेल्या होत्या. याची उलटलेली नाही. त्याने पहिलं काम केलं ते स्वतःच्या पैशाने स्वतःचा वकील गाठण्याचं, कारण कंपनीचा वकील आधी कंपनीचा असतो. दुसरं, कंपनीला लेखी कळवलं. फोनवर नाही, लेखी. अर्जदार कंपनी आहे, तेव्हा खात्याला चूक कळवून तारीख दुरुस्त करून घेणं तिचं काम. तिसरं, ग्रीन कार्डाची प्रक्रिया थांबवायची नाही, ती माणूस बाहेर असतानाही चालते. आणि चौथं, खरी तारीख येण्याआधी देश सोडायचा. पुण्याच्या ऑफिसात बसायचं. पगार तिथला.

परतीचं काय? ३६५ दिवसांची अट पुरी होईपर्यंत किंवा आय-१४० मंजूर होईपर्यंत बाहेर थांबायचं. किंवा सबंध वर्ष बाहेर काढलं की सहा वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, आणि त्याच कंपनीत ते वर्ष काम केलं तर एल व्हिसाचा दरवाजाही पुन्हा किलकिला होतो, त्याला लॉटरी नाही. एच-१बी चं मात्र आता अवघड झालंय. २०२५ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी देशाबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर लावले. कुठली कंपनी ते भरणार? याचा अर्थ असा की चूक कळल्यावर नियमाने बाहेर पडणाऱ्या माणसाला हा देश परतीच्या दारात कोटभराच्या आसपासचं बिल दाखवतो, आणि गप्प राहणाऱ्याला दोन वर्षं काहीच विचारत नाही. असा कायदा करणाऱ्यांनी स्थलांतरितांना प्रामाणिकपणा शिकवू नये. त्यांच्याच हिशेबात तो तोट्याचा धंदा आहे.

आपा म्हणते, "तुझं काय जातं? मुलगा माझा घरी बसेल." खरं आहे, माझं काही जात नाही. म्हणून मी त्याला आग्रह केला नाही. बेरीज त्याची त्यानेच केली होती आणि फोन केला तेव्हा त्याचं ठरत आलं होतं. एकाने तरी हो म्हणावं एवढंच त्याला हवं होतं.

एक दिलासा आहे. सहा वर्षांत फक्त अमेरिकेत काढलेले दिवस मोजतात. बाहेर काढलेला प्रत्येक पूर्ण दिवस पुराव्यासह परत मागता येतो. म्हणून गेले दोन आठवडे तो पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटं आणि बोर्डिंग पास जुळवत बसलाय. त्याच्या निकाहचे २७ दिवस. मुलीच्या अकीक्याचे १६. अब्बा गेले तेव्हा जनाजा तर मिळाला नव्हता, पण नंतर आईपाशी राहिला होता ते १९. सगळे मिळून ६२ भरतात. चाळिसाव्याला आला होता त्या वेळचा बोर्डिंग पास अजून सापडत नाहीये, तो आपाच्या कपाटात असावा. ती कपाट उघडायला तयार नाही.